फळ्यावरचं पहिलं नाव

तीर्थरूप आप्पांना,

पाथरीहून लेकीचा नमस्कार. मी बरी हाय, येळेवर जेवते. मायची कंबर कशी हाय?

वाचनालयाचं अनुदान वाढवा म्हणायला मी सभेत उभी राहिले, तर पुढारी रंगनाथराव हसले. "आता पुस्तकं कोण वाचायलंय?" म्हणाले.

पुस्तक परत न देणाऱ्याचं नाव आमी दारातल्या फळ्यावर लिहितो. पहिल्या निवडणुकीला रंगनाथरावांनी भाषण शिकवणारं पुस्तक नेलं, ते नऊ वर्षांत आलं न्हाई. म्हणून बसस्टँडवरून दिसंल एवढं मोठं त्यांचं नाव खडूनं लिहिलं. त्यांच्या माणसानं दोनदा पुसलं. काल मी ऑइलपेंटनं लिहिलं.

माझ्या नोकरीची काळजी करू नका. नोकरी गेली तरी तो रंग जायचा न्हाई.

तुमचीच,
दैवशाला