ह्यांची जागा

नोव्हेंबर १९७३, रविवार संध्याकाळ

आज चर्चमध्ये खोटं बोलले.

हे जाऊन सहा वर्षं झाली, तरी बाकावर ह्यांच्या जागी मी ह्यांचं गीतांचं पुस्तक ठेवते. मंडळीतलं कोणी तिथे बसत नाही. आज खापरखेड्याची एक नवी बाई आली, कडेवर झोपलेलं मूल. बाकीची बाकं भरलेली. "बसू का जी इथं?" मी पुस्तकावर हात ठेवला. "कोणी येऊन राहिलं," म्हणाले.

उपासनाभर ती मागे भिंतीला टेकून उभी. पाळक परक्याला जवळ करण्याबद्दल बोलत होते आणि मी मान डोलवत होते. हात पुस्तकावरच. मूल जड झालं असेल. मागे वळून का नाही पाहिलं मी?

बाहेर पडताना तीच जवळ आली. वाटलं, आता टोमणा मारणार.

"ज्यायची वाट पाहून राहिल्या होत्या, ते आलेच नाही जी? तब्येत बरी असन ना? मी प्रार्थना केली त्यायच्यासाठी."

"बरे आहेत," म्हणाले. पुन्हा खोटं.

हे असते तर तिने विचारायच्या आधीच उठले असते. आणि ह्यांच्याच नावावर मी तिला उभं ठेवलं.