जेवायचा हात

तांबरम, चेन्नई
६ जुलै २०२५

ती. स्व. अण्णास,
गोदाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. 'चि.' आणि 'गोदास' यांच्यामध्ये तू एका अक्षराची जागा मोकळी सोडली होतीस, ती पाहिली. 'सौ.' लिहिता येत नाही आणि 'गं. भा.' तुझ्याने लिहवत नाही, हे कळलं मला. तशीच सोडत जा.

खरं तर ही फोनवर बोलायची गोष्ट. पण फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि श्रवणयंत्र टेबलाच्या खणात पडलेलं असतं, असं भवानीवैनी सांगते. म्हणून लिहायला बसले.

ह्यांच्या वर्षश्राद्धाला श्रीवत्स बंगळूरहून आला होता. निघताना दारातली मारुती बघून म्हणाला की दसऱ्याआधी ही विकून टाकू, समोरचे विजयकुमार घ्यायला तयार आहेत. मी म्हटलं, कशाला, मी चालवते. तर तो हसला. अण्णा, मला फार राग आला. माझा परवाना तीस वर्षांचा आहे! आता गाडी नेली ती स्टेशनपर्यंत नाहीतर भाजी आणायला, हे खरं. मोठ्या रस्त्याला ह्यांनी चाक कधी माझ्या हातात दिलं नाही. पण शेजारी बसून रस्ता सांगत कोण होतं? एन्नोरच्या वीजकेंद्रात पस्तीस वर्षं काढलेला माणूस, एन्नोरमध्येच वाट चुकायचा.

शेवटी अट ठरली. मी एकटीने तंजावरपर्यंत गाडी न्यायची, एकदाही रस्ता न चुकता. जमलं तर गाडी राहील. चुकले तर परत आल्यावर किल्ली विजयकुमारांच्या हातात.

तेव्हा मला रस्ता दाखवणारं यंत्र घ्यायचं आहे. श्रीवत्स म्हणतो, फोनमध्येच असतं की सगळं. असतं, पण अक्षरं मुंगीएवढी, आणि ऐन वळणावर हाच फोन करतो की नकाशा गायब. मला वेगळं हवं, स्वस्तातलं, मोठ्या अक्षरांचं, आणि माझ्यासारखीला दुसऱ्याला न विचारता चालवता येईल असं. तू जन्मभर भूगोल शिकवलास, तुझं मत कळव.

आणखी एक, हे श्रीवत्सला सांगायचं नाही. वाटेत मला आमच्या चुकलेल्या छत्रापाशी, त्या जुन्या धर्मशाळेपाशी, थांबायचं आहे. त्याचं खरं नाव तुला माहीत आहे का? दर वेळी हे म्हणायचे, पुढच्या खेपेला विचारू. ते राहूनच गेलं. तिथल्या तळ्याच्या पायरीवर बसून एकदा दहीभात खायचा आहे मला. तिकडे बस जात नाही. गाडी गेली की तेही गेलं.

वैनीला नमस्कार. माझ्यावर रागावलास तरी चालेल, पण उत्तर पाठव.

तुझी,
गोदा


तंजावर
१५ जुलै २०२५

चि.        गोदास,
राघोत्तमचे अनेक आशीर्वाद.

त्या मोकळ्या जागेत अडतीस वर्षं हात 'सौ.' लिहीत आला. आता तिथे आला की आपोआप थांबतो. मी काही मुद्दाम करत नाही.

यंत्राबद्दल विचारशील तर माझं मत वाईट आहे. तीस वर्षं पोरांचे कान पिळून नकाशे काढून घेतले ते काय यासाठी? सोबत मी स्वतः काढलेला नकाशा पाठवत आहे, सहा कागद जोडून केलेला. विक्रवंडीचं फिल्टर कापीचं दुकान, तिथलं डावं वळण, पनरुटीचे फणसांचे ढीग, सेतियातोपचा पूल, सगळं दाखवलं आहे. भवानी बघून म्हणाली की यातली अर्धी दुकानं बंद पडली आणि उरलेल्यांचे मालक वारले. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. पण यंत्रही घे. नकाशा वाचायला शेजारी कोणी नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं.

छत्राचं नाव मला माहीत नाही. मी ते पाहिलेलंच नाही. मात्र ते कसं सापडलं हे तुझ्याइतकंच मलाही पाठ आहे. आपल्या घरात उजवं-डावं कोणी म्हणत नसे. आई म्हणायची जेवायचा हात, आणि उरला तो दुसरा. लग्नानंतरच्या पहिल्याच खेपेला, साहेबांची अँबॅसडर मागून तुम्ही निघालात. सेतियातोपच्या पुढे अय्यनारच्या देवळाचे ते मातीचे घोडे लागतात, तिथे रस्ता फुटतो. तू म्हणालीस, जेवायच्या हाताला. आणि आमचे जावई वळले डावीकडे! त्यांना आई नव्हती, आजीने लाडाने डाव्या हाताने जेवू दिलं, ते तसंच राहिलं. लग्नाच्या पंगतीत कोपर लागू नये म्हणून मीच त्यांना टोकाला बसवलं होतं. पुढे श्रीवत्सालाही त्याच टोकाला बसवायची वेळ आली, ते वेगळं.

तर तुम्ही दोघं शेतातल्या त्या छत्रापाशी जाऊन पोचलात. राजांच्या वेळचं, वाटसरूंना जेवू घालायचं छत्र. तुम्हीही तिथेच डबा उघडलात. इकडे वडील दहा वेळा फाटकाशी जाऊन आले. दिवेलागणीला तुम्ही आलात ते हसतच. तेव्हापासून तुझ्या तोंडी जेवायचा हात म्हणजे डावा झाला. घरची भाषा बिघडवलीस म्हणून तुला रागवायचं माझ्या मनात होतं. नाही रागावलो, बरं झालं.

पण गोदा, अट ती अट. रस्ता सोडून छत्राकडे वळलीस तर श्रीवत्स म्हणेल, आई चुकली. मग मला मध्ये पडता येणार नाही. छत्र एकदाच बघायचं की गाडी ठेवायची, ते तूच ठरव.

तब्येत सांभाळ. आम्ही दोघं वाट बघतो आहोत.

तुझा,
अण्णा


तांबरम
३ ऑगस्ट २०२५

ती. स्व. अण्णास,
गोदाचा शि. सा. न. वि. वि.

यंत्र आणलं! जॉर्ज टाउनमध्ये चंद्रमौळी म्हणून एकांचं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे, तिथून. त्यांनी आधी पाटीएवढ्या पडद्याचं दाखवलं, त्यावर सिनेमाही दिसतो म्हणे. मी म्हटलं, मला तंजावरला जायचं आहे, थिएटरात नाही. दुसरं फोनला जोडल्याशिवाय मुकं. तिसरं कोपऱ्यात धूळ खात होतं, जुन्या पद्धतीचं. चार ठसठशीत बटणं, त्यातल्या एकावर घराचं चित्र. कुठेही असा, ते दाबलं की घरचा रस्ता. सगळ्यात स्वस्त तेच होतं. तुझ्या श्रवणयंत्राच्या निम्म्या किमतीत आलं, आणि मी काही ते खणात ठेवणार नाही.

आत एक बाई बोलते, तमिळमध्ये. मराठी तिला येत नाही. तिची एक गोष्ट मला फार आवडली. आपण चुकलो तर ती ओरडत नाही, नवा रस्ता सांगते. मी ह्यांच्यावर किती ओरडायचे! ते मुकाट्याने ऐकून घ्यायचे आणि पुढच्या वळणाला पुन्हा मलाच विचारायचे. परवा हे आठवलं आणि मी दारातच गाडीत बसून रडले. सांगून टाकते, नाहीतर वैनी ओळखेलच.

छत्र मात्र यंत्रात सापडलं नाही. चंद्रमौळींनी छत्राचं तमिळ, नुसतं 'सत्तिरम', घातलं, तर गावंच्या गावं निघाली. यातलं कुठलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चुकलेलं. त्यांनी अगदी गंभीरपणे जिल्हा विचारला.

येताना बीच स्टेशनवरून लोकलने आले. खिडकीशी बसून यंत्र लावून पाहिलं. ती बाई तांबरमपर्यंत सांगत होती की मागे फिरा, रस्त्यावर या. डब्यातली एक फुलवाली म्हणाली की ही बिचारी कोणावर रुसली आहे. सगळा डबा हसला, मीसुद्धा.

खरी अडचण वेगळीच आहे. गेल्या रविवारी सरावाला गाडी काढली. बाई म्हणाली डावीकडे, माझ्या तोंडून आलं जेवायचा हात, आणि चाक वळलं उजवीकडे. कारण आता चाकावर हात माझे आहेत ना! मागचा रिक्षावाला काय म्हणाला ते लिहीत नाही. मग उजव्या मनगटाला लाल दोरा बांधला. आता बरं जमतं.

१६ तारखेला शनिवारी पहाटे निघते, दुपारी दोनपर्यंत पोचेन. छत्राचं अजून ठरत नाही. दहीभात मात्र बांधून घेणार आहे, तो काय, कुठेही खाता येतो. वैनीला चिंचगुळाची आमटी करायला सांग.

भेटीची ओढ लागलेली,
गोदा


तंजावर
२० ऑगस्ट २०२५

चि. श्रीवत्सास,
राघोत्तममामाचे अनेक आशीर्वाद.

तुला मराठी वाचायला वेळ लागेल, हे ठाऊक आहे. सावकाश वाच. फोनवर तू काय म्हणतोस ते मला ऐकू येत नाही, आणि तू शनिवारी जे म्हणालास ते न ऐकलेलंच बरं, असं तुझी मामी म्हणते.

तू घाबरलास, त्यात तुझी काही चूक नाही. तुझ्या फोनवर आईचा ठिपका रस्ता सोडून शेतात गेला, एक तास दहा मिनिटं हलला नाही, आणि ती फोन उचलत नव्हती. आम्हीही घाबरलो होतो. वडील उभे राहायचे तसा मी फाटकाशी उभा होतो. साडेचारला ती आली. तू तिला विचारलंस की रस्ता चुकलीस ना, आणि आता गाडी विकायची म्हणालास. ती फक्त 'बरं' म्हणाली आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी कापी घेताना तिने मला सगळं सांगितलं. तुला ती सांगणार नाही. मागे एकदा तू हसला होतास.

सेतियातोपच्या पुढे नवा रस्ता बांधासारखा उंच झाला आहे. माझ्या नकाशातलं एकही दुकान तिला दिसलं नाही. यंत्र सांगत होतं की सरळ चला. तेवढ्यात खाली तिला अय्यनारचे घोडे दिसले, नुकते रंगवलेले. ती म्हणते की तोपर्यंत तिने काहीच ठरवलं नव्हतं. रिकाम्या गाडीत तिच्या तोंडून मोठ्याने निघालं, जेवायचा हात, आणि चाक डावीकडे वळलं. लाल दोरा उजव्या हाताला होता, तो तसाच राहिला. यंत्रातली बाई मागे फिरा, मागे फिरा सांगू लागली. तुझ्या आईने तिला सांगितलं की जरा थांब, आमच्या घरचे इथे जेवतात.

छत्राच्या अर्ध्या भागात आता रेशनचं दुकान आहे. तळं तसंच आहे. ती पायरीवर जेवली. फोन गाडीत राहिला होता. रेशनला आलेल्या एका बाईला तिने छत्राचं नाव विचारलं. कुठल्याशा राणीचं लांबलचक नाव होतं. गाडीपर्यंत येईतो ती ते विसरली. यंत्रात ठिकाण साठवून ठेवायची सोय आहे. तिने एका बोटाने इंग्रजी अक्षरं दाबून तिथे 'जेवायचा हात' लिहिलं. मला दाखवलं तिने. त्या यादीत दोनच नावं आहेत, एक घर आणि एक हे.

मी भूगोलाचा मास्तर आहे. जायचं एकीकडे आणि पोचायचं दुसरीकडे, याला मी चुकणं म्हणतो. तुझ्या आईला जिथे जायचं होतं तिथे ती पोचली, आणि तिथून आमच्या दारापर्यंत कोणाला न विचारता आली. ती चुकली नाही, श्रीवत्स. पण अट तुझी होती, निकालही तूच दे.

तुझ्या लेकीला, सहानाला आशीर्वाद. तुम्हा सर्वांची आठवण काढणारा,
मामा


बंगळूर
३० ऑगस्ट २०२५

ती. आईस,
श्रीवत्सचा सा. न.

मराठीत पत्र लिहून फार वर्षं झाले. सहाना शेजारी बसून हसते आहे. हे मामांना दाखवू नको, ते लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवतील.

मामांचं पत्र मी दोन दिवस वाचला. आई, मी हसलो त्याबद्दल सॉरी. मला वाटलं तुला गाडी पाहिजे. तुला कुठे जायचं होतं ते मी विचारलंच नाही.

घोडे मला आठवतात. एक निळा होता. मी मागच्या सीटवर असायचो. तू म्हणायची जेवायचा हात, आणि मी मागे बसून माझा हात वर करायचा. माझा जेवायचा हात अप्पांचाच ना. अप्पा आरशात बघायचे आणि त्याच बाजूला वळायचे. मला वाटायचं, माझा हात बघूनच गाडी वळते. शाळेत सगळे म्हणाले की जेवायचा हात म्हणजे उजवा, तेव्हा मला वाटलं शाळाच चुकली. हे मी कोणाला सांगितलं नाही. मी पण विसरलो होतो.

विजयकुमार अंकलना फोन करून सांगितलं, गाडी विकायची नाही.

पोंगलला आम्ही येतो. तंजावरला जाऊ. गाडी तू चालव. सहाना तुझ्या, तिच्या पाट्टीच्या, शेजारी बसायचं म्हणते, बसू दे. मी मागे बसतो. यंत्र बंद ठेव. घोडे दिसले की तू सांग, मी हात वर करतो.

तुझा,
श्रीवत्स