आम्ही बुडवलेलं हिरवं टेबल

प्रिय नामा,

तुझ्या बाराव्याहून कालच परत आलो. आता हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, असं तू नक्की विचारशील! पण पंगतीत तुझी जनी सगळ्यांना हात उंच करून सांगत होती, "माज्या बाबानी सायबाचां टेबल बुडवलां!" सगळे हसले. मीही हसलो. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय, म्हणून लिहितोय.

आज दुपारी जरा डोळा लागला, तर आपला जव्हारचा क्लबच दिसला. खिडकीबाहेर धुकं, आत आपण चौघं. मी, तू, दवाखान्यातला कंपाउंडर हरी आणि टपालातला यशवंता. चेंडू आपले आपण सरकत होते, आवाज न करता. तू काठी टेकवून नुसता बघत होतास. मी म्हटलं, "मार की!" तू म्हणालास, "थांब, त्याला जाऊ दे कुठं जायचां तां."

जागा झालो तर हात अजून काठी धरल्यासारखाच होता.

संस्थान विलीन झालं, दरबारचं सामान पांगलं आणि ते बिलियर्डचं सहा भोकांचं टेबल साहेबलोकांच्या क्लबात आलं. रविवारी दुपारी साहेब झोपत, तेव्हा आपल्यासारख्या कारकून-मास्तरांना मुभा! नियम कुणाला ठाऊक होते? आपणच केले. प्रत्येकाचे तीन चेंडू, दुसऱ्याचे भोकात घालायचे, शेवटी ज्याचा उरेल तो राजा. राजे गेले तरी दर रविवारी जव्हारला एक नवा राजा व्हायचा, आणि तो बहुतेक हरीच असायचा. तुला कधी जमलं नाही, कारण माझा चेंडू भोकाच्या तोंडाशी आला की तू मुद्दाम दुसरीकडे मारायचास. मला ते कळत होतं रे. राग यायचा तुझा.

आणि त्या टेबलाचा कल! कुठूनही मारा, चेंडू खिडकीकडेच जायचा. ठाण्याहून मोठे साहेब खेळायला येणार म्हणून टेबल सपाट करायचं ठरलं, तेव्हा मीच छाती पुढे काढली. खोडाळ्याचा मी, जन्म भाताची खाचरं सपाट करण्यात गेला, टेबलाची काय कथा? पाणी भरायचं, ते कुठे साठतं बघायचं, की उतार कळला. चारी बाजूंना बांध होताच! तुला टेबलाच्या पायांखाली घालायच्या लाकडी चिपा आणायला पाठवलं, सहाही भोकांत चिंध्या कोंबल्या आणि दोन बादल्या पाणी ओतलं. हरी, यशवंता शेजारी उभे राहून वाहवा करत होते.

नामा, क्षणभर किती सुंदर दिसलं ते! हिरव्या कापडावर पाणी, त्यात खिडकीतलं आभाळ. आषाढातलं खाचरच. आम्ही तिघं बघत राहिलो. मग कापड फुगलं, रंग सुटला आणि दारात क्लबाचे साहेब उभे राहिले.

"कुणाचं काम हे?"

माझी नोकरी तेव्हा हंगामी होती. मी हातातली बादली पाठीमागे सरकवली. तू साहेबांच्या मागून आत आलास, हातात चिपा. टेबल बघितलंस, मग माझं तोंड बघितलंस.

"मीच वतलां पानी, साहेब."

का म्हणालास? कुणी विचारलं होतं तुला? महिन्याभरात तुझी बदली डोंगरावरच्या सूर्यमाळच्या शाळेत झाली. मी एस.टी.पर्यंत सोडायला आलो, आणि तिथेही बोललो नाही! तू म्हणालास, "रविवारी ये." सहा वर्षांत मी दोनदा आलो. दुसऱ्यांदा तू वहिनींबरोबर उन्हात लांबच्या झऱ्यावरून हंडे आणत होतास आणि मला बघून हसलास. या शेवटच्या तापात तुला डोलीत घालून खाली आणेपर्यंत उशीर झाला, असं वहिनी म्हणाल्या. जव्हारलाच असतास तर हरीचा दवाखाना हाकेवर होता. हा विचार मला सोडत नाही, आणि सोडू नये.

तू घरी खरं का सांगितलं नाहीस रे? पोरीला हसवायला तीच गोष्ट सापडली? आता ती अभिमानाने सांगते. मी खरं बोललो तर तिच्या बापाची सगळ्यात गमतीची गोष्ट हिरावून घेईन, अशी भीती वाटते. काल पंगतीत तेच कारण पुढे करून गप्प बसलो. पण ते निमित्त होतं, नामा. भीती माझीच होती, तेव्हासारखी.

येत्या रविवारी सूर्यमाळला येतो. यशवंता आणि हरीलाही ओढून आणतो. वहिनींसमोर, पाड्यातल्या सगळ्यांसमोर जनीला जवळ बसवीन आणि सांगेन, पाणी दत्तूकाकाने ओतलं. तुझा बाप तर तिथे नव्हताच, पोरी. तो आला आणि "मीच" म्हणाला.

तुझा,
दत्तू