बाबांच्या मापाची खीर

२९ जानेवारी, गुरुवार. संध्याकाळ.
रिपोर्ट आला. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सात पूर्णांक सहा. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, तीन महिन्यांत सातच्या आत आणा, नाहीतर दुसरी गोळी सुरू. मी मान डोलावली. अठ्ठावीस वर्षं सरकारी खात्यात लिपिक आहे, उद्दिष्ट आणि मुदत या दोन्ही गोष्टींना मी घाबरत नाही.

घाबरवलं ते बायकोनं, माधवीनं. घरी आल्या आल्या तिनं निकाल दिला. एप्रिल अखेरचा रिपोर्ट सातच्या आत आला तर बुद्धपौर्णिमेला खीर ढवळायचा सराटा तुमच्या हाती. नाई आला तर खीर मी करीन.

ही थट्टेची गोष्ट नाही. नालवाडीच्या आमच्या विहारात बुद्धपौर्णिमेला खीरदान असतं. बाबा होते तोवर खीर बाबा करायचे. ते गेल्यापासून एकोणीस वर्षं मी. दूध चाळीस लिटर, साखर नऊ किलो. बाबांच्या मापात एका कणाचा फरक केलेला नाही. वस्तीत दीडशे माणसं, पण गोड किती असावं हे कळणारी जीभ एकच.

उद्यापासून गोड बंद. कायमचं. (आज शिरा उरला होता. संपवला. घरात राहिला असता तर उद्या मोह झाला असता.)

३० जानेवारी. सकाळी ६.१०
फिरायला निघालो. थंडी फार. कोपऱ्यावरून परतलो. सुरुवात झाली हे महत्त्वाचं.

दुपारी.
ऑफिसात हेमराजनं पेढे आणले. मुलगी पोलीस भरतीत लागली. मी ठामपणे नाही म्हणालो. तो म्हणाला, भाऊ, माही पोरगी लागली अन् तुम्ही तोंड गोड नाई करून राह्यले? हेमराजशी टेबलाला टेबल लावून अकरा वर्षं काढली आहेत. एक घेतला. मग पोरीच्या नावानं एक. दोन्ही उभ्यानं खाल्ले. खाणं म्हणजे बसून, ताट घेऊन. उभ्यानं केलेलं ते खाणं नव्हे, तो शिष्टाचार.

३ फेब्रुवारी.
मयुरी नागपूरला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. तिनं फोनवर सांगितलं, पप्पा, जे जे खाता ते वहीत लिहा. लगेच वही आणली. पहिल्या पानावर आजचं लिहिलं: ज्वारीची भाकर, मेथीची भाजी, ताक. वाचून स्वतःचाच अभिमान वाटला.
बाकीचं इथे लिहीन. ही रोजनिशी खाजगी आहे.

९ फेब्रुवारी.
चहातली साखर बंद. आता गूळ. गूळ नैसर्गिक आहे. एवढा नैसर्गिक की दोनाचे पाच कप झाले, तरी काही वाटत नाही. माधवी म्हणाली, गुळाची ढेप आठ दिवसांत कशी सरली? म्हटलं, मुंग्या असतील.

२२ फेब्रुवारी, रविवार.
मयुरीला भेटायला नागपूरला गेलो. एसटीनं. तिच्यासाठी गोरसपाकचे दोन पुडे घेतले. काही अडाणी लोक गोरसपाकला मिठाई समजतात. तो गाईच्या तुपातला सात्त्विक पदार्थ आहे. वर्ध्याच्या माणसानं गोरसपाक सोडणं म्हणजे स्वदेशी सोडणं.
सेलूला एक खाल्ला, ताजा आहे का बघायला. बुटीबोरीपर्यंत खात्री झाली. मयुरीच्या हातात एक पुडा आणि एका पुड्याचा कागद पडला. ती कागदाकडे बघत राहिली. म्हटलं, हल्ली पॅकिंगच सैल करतात.
बसून खाल्लं हे मान्य. पण बस चालू होती.

४ मार्च.
होळीच्या गाठ्या. साखरेची माळ गळ्यात घालून घेणं हा सन्मान आहे, आहार नाही. काढून ठेवताना चार तुकडे पडले. पडलेले कुठे ठेवणार?
फिरणं गुडघ्यामुळे बंद. कोणता गुडघा ते अजून नक्की नाही.

१९ मार्च.
शुगरफ्री बिस्किटं सापडली. हा शोध आधी लागायला हवा होता. पुड्यावर स्पष्ट लिहिलं आहे की साखर नाही, म्हणजे कितीही चालतात. अडीच पुडे.
माधवी हल्ली फक्त डबे उचलून हलवून बघते. असं बघते की डब्यालाही लाज वाटावी.

३१ मार्च, मंगळवार. ऑफिसातून.
आज डोक्यात प्रकाश पडला.
आमच्या खात्यात वर्षभर फाइल जागची हलत नाही. मग मार्च एंडिंगच्या आठवड्यात सगळं काम होतं. बिलं, मंजुऱ्या, रस्ते, पूल. एकतीस तारखेला संध्याकाळी बघावं तर वर्षाचं उद्दिष्ट पूर्ण, वरून शाबासकी. सरासरी शेवटी सरासरी असते.
शरीर काय वेगळं आहे? रक्त द्यायचं अठ्ठावीस एप्रिलला. एकवीसपासून आठवडाभर कडक मार्च एंडिंग. कारल्याचा रस, मेथीदाणे, सकाळ-संध्याकाळ चालणं, गोडाचा थेंब नाही. आकडा धाडकन खाली येतो.
याचाच अर्थ, एकवीसपर्यंत उगाच जिवाला त्रास करून घेण्यात शहाणपण नाही. दोन महिने वाया गेले म्हणून वाईट वाटलं. मग आठवलं की मी ते वाया घालवलेलेच नाहीत.
हेमराजला योजना सांगितली. तो म्हणाला, भाऊ, तुमचं डोकं मंत्रालयात पाह्यजे होतं.

१४ एप्रिल.
जयंती. सकाळपासून मिरवणूक, निळे झेंडे, ऊन मी म्हणत होतं. सात चौकांत सात मंडप, सगळीकडे सरबत आणि बुंदी. एका मंडपाचं घेऊन दुसऱ्याचं नाकारलं असतं तर वस्तीत दोन तट पडले असते. एकीसाठी सातही घेतले.
आंजीच्या चौकातल्या बुंदीत वेलची कमी होती. सांगितलं त्यांना. जीभ अजून शाबूत आहे.

२१ एप्रिल, मंगळवार. सकाळी ५.४५
एंडिंग सुरू. कारल्याचा रस एक ग्लास. त्यावर काही लिहीत नाही.

सकाळी ७.
चालताना बापूराव भेटले. बाबांचे दोस्त, वय एक्क्याऐंशी, बाबांसोबत विहाराच्या भिंती बांधलेला माणूस. म्हणाले, प्रभाकर, तुहं तोंड काऊन असं झालं? कारण सांगितलं. त्यांना साखरेचा आजार नाही, तरी खिरीची वाटी ते नेहमी अर्धीच घेतात आणि तीत घरून आणलेलं दूध घालतात. वयाप्रमाणे पचनशक्ती कमी होते. तसं तर गेल्या वर्षी बऱ्याच बायका तांब्यात दूध घेऊन आल्या होत्या. खीर वाढवून घरी न्यायची असणार. एवढी मागणी आहे.
बापूरावांनी विचारलं, यंदा खीर कोन करून राह्यलं? म्हटलं, मीच, दुसरं कोण. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. मग म्हणाले, बरं बाप्पा. अन् निघाले.
बाबांची आठवण आली असेल. मलाही भरून आलं.

२४ एप्रिल.
चौथा दिवस. गोड नाही. खरोखर नाही. चिडचिड होते. माधवीच्या चुलतभावाच्या लग्नात जेवायला गेलो. मठ्ठा घेतला, जिलेबीकडे पाठ करून बसलो. पण डोळ्यांपुढे अंधारी आल्यासारखं झालं. साखर एकदम उतरली तर माणूस कोसळतो, असं मोबाइलवर वाचलं होतं. जीव वाचवणं पहिलं कर्तव्य. तीन जिलेब्या, औषध म्हणून. चौथी खात्रीसाठी.
मंडपामागे घेतल्या. लग्नघरी रुग्णानं गोंधळ करू नये.

२८ एप्रिल. सकाळी.
रक्त दिलं. हलकं वाटतं. आकडा सहा पूर्णांक आठ यावा. सहा पूर्णांक पाच आला तरी हरकत नाही.
सराटा माळ्यावरून काढला, चिंचेनं घासला. लांब दांडा, बाबांच्या हातानं गुळगुळीत झालेला. भिंतीला टेकवून ठेवला.

२९ एप्रिल, बुधवार. संध्याकाळ.
आठ पूर्णांक चार.
मशीन बिघडलं असेल म्हणून लॅबवाल्याला परत बघायला लावलं. त्यानं परत बघितलं. आठ पूर्णांक चार.
मयुरीला फोन केला. सगळी योजना समजावून सांगितली. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, पप्पा, रक्तातल्या पेशी तीन-तीन महिने जगतात. तुम्ही फेब्रुवारीत जे खाल्लं ते त्यांच्यावर चिकटलेलं असते. त्यांले मार्च एंडिंग नसते. मग म्हणाली, वहीत तर ज्वारीची भाकरच होती ना? मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज होती.
माधवी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं सराटा उचलला आणि आत नेऊन ठेवला. मी म्हटलं, बाबांच्या खिरीचं काय होईल? ती म्हणाली, मले खिरीचं काय करायचं हाय? मले तुम्ही पाह्यजे.
मी रागावल्याचं दाखवून अंगणात जाऊन बसलो. रागावलो नव्हतो. भ्यालो होतो.

३० एप्रिल.
भीती गेली. आता चिंता खिरीची. माधवीनं चाळीस लिटर दुधाला साखर मागवली चार किलो. चार! विहारात उघड बोललो, हा बाबांचा अपमान आहे. कोणी माझी बाजू घेतली नाही. बायका एकमेकींकडे बघून खाली मान घालून तांदूळ निवडत राहिल्या. माधवीचा धाक सगळ्या वस्तीत आहे.
अर्धा किलो साखर घेऊन गाडीच्या डिक्कीत ठेवली आहे. उद्या लोकांनी तोंडं वाकडी केली की मी पुढे होईन. सगळ्यांसमोर साखर घालीन, काही बोलणार नाही. मोठेपणा बोलून दाखवायचा नसतो.

१ मे, शुक्रवार. बुद्धपौर्णिमा. दुपारी ३.
लिहावं की नाही कळत नाही. लिहितो.
वंदना झाली. माधवी कढईशी उभी, पदर खोचलेला, हातात सराटा. मला वाटपाला बसवलं होतं. वाटीत ओतायचं, चाखायचं नाही. मी चेहऱ्यांकडे बघत होतो. पहिली वाटी, दुसरी, दहावी. कोणी तोंड वाकडं करीना. पंचवीस वाट्यांनंतर पहिलेच लोक परत रांगेत दिसले. दुसऱ्यांदा. एकोणीस वर्षांत मी दुसरी रांग पाहिलेली नाही. दुधाचे तांबे भरलेले तसेच भिंतीशी ठेवलेले होते. कोणी हात लावला नाही.
बापूराव आले. पूर्ण वाटी मागितली. माझ्यासमोरच उभ्यानं प्यायली आणि डोळे मिटून घेतले. म्हणाले, प्रभाकर, तुह्या बापाच्या हातची खीर अशीच राहे. गंज दिवसानं भेटली.
म्हटलं, काका, मग आजवर मी करत होतो ती? ते म्हणाले, ते बी चांगलीच होती रे. फक्त पेल्या जात नव्हती. तुले वाईट वाटन म्हनून कोनी बोललं नाई.
शेवटी माधवीनं मला अर्धी वाटी दिली. चाखली. मला फिकी लागली. दीडशे माणसांना गोड लागलेली खीर मला एकट्याला पाण्यासारखी लागली. म्हणजे माप वाढत गेलं ते माझ्या जिभेबरोबर, आणि मी बाबांचं नाव घेऊन ते वस्तीला पाजत राहिलो. दरवर्षी थोडं, मला कळलंही नाही.
तरी माधवीला विचारलं, चार किलो हे तुला कोणी सांगितलं? तिनं बाबांच्या वंदनेच्या पुस्तकातून एक पिवळा कागद काढून दिला. ते पुस्तक जी वर्षभर पुसून ठेवते तिलाच तो सापडायचा होता. बाबांचं अक्षर, शाईचा पेन. दूध चाळीस लिटर. तांदूळ तीन किलो. साखर चार किलो. वेलची बेतानं.
आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित: साखरेचा डबा प्रभाकरच्या हाती देऊ नये.
माधवीला गाडीची किल्ली दिली. म्हटलं, डिक्कीत अर्धा किलो आहे, काढून घे.