परतीच्या हुकुमातले बत्तिसावे नाव

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
लष्करी बँड पथके (परदेश दौरे शाखा),
पुणे.

विषय : कै. नाईक योसेफ शमुवेल पाटोळे, युफोनियमवादक, यांच्या नावे मोंबासा ते निमोणे (ता. शिरूर) असा परतीच्या प्रवासाचा हुकूम मिळणेबाबत.

संदर्भ : (१) आपले पत्र क्र. बँड/परदेश/११७, दि. ३ एप्रिल १९५८.
(२) आपले पत्र क्र. बँड/नष्ट/९, दि. २० फेब्रुवारी १९६१.
(३) आमच्या मातोश्रींचे तोंडी म्हणणे, वेळोवेळी.

महोदय,

१. कळविण्यास आनंद वाटतो की, माझे थोरले बंधू नाईक योसेफ शमुवेल पाटोळे हे आपल्या बँडचा पूर्व आफ्रिकेचा दौरा आटोपून शनिवार दि. ४ मार्च १९६१ रोजी दुपारच्या पॅसेंजरने दौंड स्टेशनावर सुखरूप पोहोचले.

२. परिच्छेद १ मध्ये लिहिलेले काहीही घडलेले नाही. संदर्भीय पत्र (१) प्रमाणे सदर योसेफ हे दि. १५ फेब्रुवारी १९५८ रोजी, शनिवारी, मोंबासा येथे तापाने वारले असून त्यांचे दफनही तेथेच झाले आहे. जावक क्रमांक असलेल्या पत्राशी वाद घालण्याची आमच्या घरी रीत नाही. सबब परिच्छेद १ वाचलाच नाही असे समजून पुढे वाचावे.

३. अर्जदार हा योसेफ यांचा धाकटा भाऊ असून दौंड स्टेशनच्या पार्सल कचेरीत हंगामी कारकून आहे. आमच्या मातोश्री राहेलबाई निमोण्यास असतात. वडील हयात नाहीत. योसेफ यांचे लग्न झालेले नव्हते. रजेवर आल्यावर बघू, असे ठरले होते.

४. योसेफ यांच्या स्वभावाची एक बाब कार्यालयाच्या नोंदीत नसावी म्हणून येथे नमूद करतो. ते मिशनच्या शाळेत तिसरीत असताना कवायतीच्या मास्तरांनी पोरांना रांगेत सावधान उभे केले, आणि घरून बोलावणे आले म्हणून ते ‘विसर्जन’ म्हणायचे विसरून जेवायला गेले. बाकीची पोरे पळाली. योसेफ उभे राहिले. दिवस कलला तेव्हा आई रानातून खुरपे घेऊन शोधत आली. तिने हाताला धरून ओढले, तर ते म्हणाले, “आये, मास्तरनी सोडलं न्हाई अजून.” शेवटी आईने मास्तरांना घरून आणले. मास्तर रात्रीच्या जेवणावरून उष्ट्या हाताने आले, ‘विसर्जन’ म्हणाले, आणि तेव्हा कुठे योसेफ हलले. त्या रात्री आई म्हणाली होती की, ह्या पोराला कुणी सोडायचं विसरलं तर ह्यो जलमभर तिथंच उभा राहील. हे वाक्य आमच्या घरात पुढे कित्येक वर्षे विनोद म्हणून सांगितले जाई.

५. पुढे ते बँडमध्ये भरती झाले. त्यांचे वाद्य युफोनियम, फुंकून वाजवायचे. आमच्या गावात त्याला पितळी घागर म्हणतात. त्यात गाणे नसते, गाण्याच्या खालचा आधार असतो. रजेत ते विहिरीच्या कडेला बसून सराव करीत, तो फक्त आपल्या वाट्याचा. म्हणजे दोन सूर वाजवायचे, मग सोळा मात्रा मनात मोजत गप्प बसायचे, मग पुन्हा दोन सूर. गावातले पोपटराव आबा एकदा शेतावर जाता जाता बराच वेळ थांबले आणि त्यांनी विचारले, “योसेफ, गाणं कवा सुरू व्हनार?” योसेफ म्हणाले, “झालं की आबा.” आबा म्हणाले, “मंग आमी ऐकलं काय?” यावर योसेफ यांनी उत्तर दिले नाही, कारण त्यांच्या सोळा मात्रा चालू होत्या.

६. लष्करात माणूस हुकुमावाचून जागचा हलत नाही, आणि जाण्याचा हुकूम वेगळा व येण्याचा वेगळा असतो, हे मी कार्यालयास सांगावे असे नाही. दौऱ्याच्या जाण्याच्या हुकुमात बत्तीस नावे आहेत. परतीच्या हुकुमात एकतीस. संदर्भीय पत्र (१) मध्ये आपण स्वच्छ लिहिले आहे की, “सदर जवान मयत असल्याने परतीच्या हुकुमातून त्याचे नाव कमी करण्यात आले आहे.” मला वाटते सर्व घोटाळा ह्या ओळीत आहे. कार्यालयाने ती वाईट हेतूने लिहिली असे माझे म्हणणे नाही. मास्तरही वाईट हेतूने जेवायला गेले नव्हते.

७. पत्रासोबत सामानाची पेटी आली. तीत बूट एक जोड, पवित्र शास्त्र एक, दाढीचे सामान, आणि युफोनियमच्या तोंडाची वाटी एक, एवढे होते. ही वाटी म्हणजे ओठ लावायचा सुटा भाग. तो ज्याचा त्याचा असतो म्हणून बहुधा घरी पाठविला. वाद्य सरकारजमा झाले. आईने वाटी मिठाच्या बरणीशेजारी ठेवली. पहिल्याच शनिवारी दुपारी मीठ घ्यायला हात घातला तर वाटी गरम लागली. मी रजेवर घरी होतो, तिने मला बोलावून हातात दिली. गरम होती, आणि आतून ओली होती. आई एवढेच म्हणाली, “वाजवतोय त्यो.” पुढच्या शनिवारी तिने लुगडे बदलले, आणि तो परतला तर दौंडलाच उतरेल म्हणून एस.टी.ने दौंडला आली.

८. तेव्हापासून तीन वर्षे दर शनिवारी दौंड स्टेशनावर जे घडते ते, परिच्छेद २ मधील अटीस अधीन राहून, येणेप्रमाणे आहे. मुंबईकडची पॅसेंजर लागते. लोक उतरतात, गर्दी ओसरते. इंजिनाला पाणी देतात त्या टोकाकडून बुटांचा आवाज निघतो. दिसत कोणी नाही. डावा, उजवा, डावा, सोळा पावले, मग दोन सूर, खालचे. पुन्हा सोळा पावले. सुरुवातीस मी ते यार्डातल्या कामाचे ठोके समजलो. पण ठोके मात्रा मोजत नाहीत. मला त्या दौऱ्यातल्या कूचगीताची चाल माहीत असल्याने, मधल्या गप्प जागांत बाकीचे एकतीस जण मला मनात वाजवावे लागतात. काम करता करता हे फार थकवणारे आहे. आवाज प्लॅटफॉर्मभर चालत बाहेर पडण्याच्या फाटकापर्यंत येतो आणि फाटकाच्या अलीकडे एक पाऊल थांबतो. मग टाचा जुळल्याचा आवाज येतो, आणि पुढे काही नाही. पॅसेंजर सुटली की आई उठते आणि म्हणते, “आज बी न्हाई सोडलं.”

९. साक्षीदार दोन. म्हस्कू हमाल यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत : “गर्दीत समदी मला धक्का देत्यात. ह्यो येवढं पितळंचं वझं घिऊन येतोय, पर कवा धक्का न्हाई. माज्या डोईवर वझं दिसलं की थांबून मला जाऊ देतो. आता सांगा, असं योसेफबिगर कोन करतंय?” दुसरे साक्षीदार तिकीट कलेक्टर जयसिंग. ते म्हणतात, “बिगरतिकिटाचा मानूस पळत असतोय. ह्यो सोताहून थांबतोय. धरू कसा, आन् सोडू तरी कसा?” दोघेही सही करण्यास तयार आहेत. म्हस्कू यांचा अंगठा घ्यावा लागेल.

१०. कार्यालयास त्रास देण्यापूर्वी आम्ही आमच्या पातळीवर पुढील प्रयत्न केले. पहिला प्रयत्न, मुंबई ते दौंड तिसऱ्या वर्गाचे तिकीट काढून आईने ते फाटकाशी हात लांब करून धरले. जयसिंग यांनी ते रीतसर पंच करून घेतले. उपयोग झाला नाही. तिकीट ही नागरिकांची बाब आहे. दुसरा प्रयत्न, आमच्या पाळकसाहेबांनी फाटकाशी उभे राहून प्रार्थना केली आणि “शांतीने घरी जा” असे सांगितले. प्रार्थना संपल्यावर ‘आमेन’च्या जागी दोन सूर बरोबर आले, परंतु पाऊल आले नाही. पाळकसाहेब मला बाजूस घेऊन म्हणाले, “इसहाक, प्रभूने बोलावलं तरी हा आधी विचारील की हुकूम कुणाच्या सहीचा. आणि मी पडलो सिव्हिलियन.”

११. तिसरा प्रयत्न मी केला, त्याबद्दल मी यापूर्वीच लेखी माफी मागितली आहे. टाचा जुळल्याबरोबर मी पार्सल कचेरीच्या दारातून भरदार आवाजात ‘विसर्जन’ अशी आज्ञा दिली. त्या वेळी पलीकडे एका पोलीस तुकडीचे बावीस शिपाई गाडीची वाट पाहत रांगेत उभे होते. ते सर्व विसर्जित झाले. काही चहाला गेले, दोघे बाजारात गेले आणि संध्याकाळपर्यंत सापडले नाहीत. त्यांचे हवालदार मला पुष्कळ बोलले. बावीस अनोळखी माणसांनी माझी आज्ञा मानली. ज्याच्यासाठी दिली त्याने मानली नाही. त्याने माझा आवाज ओळखला असणार. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी लहान आहे.

१२. आता मूळ मुद्दा. फेब्रुवारीपासून आईला धाप लागते, पाय सुजले आहेत, आणि आता तर तिला एस.टी.त बसवत नाही. डॉक्टरांनी मला अंगणात नेऊन सांगितले, म्हणजे जे सांगायचे ते सांगितले. आईला मरणाचे भय नाही, तिची जागा मिशनच्या स्मशानात वडिलांशेजारी राखलेली आहे. तिची अडचण निराळी आहे. ती म्हणते, “त्यो आला आन् घरात कोन नसलं, तर उंबऱ्यातच उभा राहील. ‘बस’ म्हनल्याबिगर त्यो कवा बसलाय? माज्या माघारी त्याला ‘बस’ कोन म्हननार? तुजं त्यो ऐकत न्हाई.” हे शेवटचे खरे आहे, परिच्छेद ११ पाहावा. तेव्हा योसेफ यांनी घरी यावे आणि आईने त्यांना ‘बस’ म्हणावे, एवढेच काम शिल्लक आहे. ते तिच्या हयातीत व्हावयास हवे. आणि संदर्भीय पत्र (२) अन्वये आपण कळविले आहे की, दौऱ्याची फाईल तीन वर्षे पुरी झाल्यामुळे ३१ मार्चला नष्ट करण्यात येईल. फाईल गेल्यावर त्यांना कोठून परत बोलावायचे हे कोणासच सांगता येणार नाही. ते मग कोणत्याच दौऱ्यावर नसतील, आणि तरी उभे असतील.

१३. गेल्या शनिवारी, दि. ४ रोजी, आई प्रथमच आली नाही. मी वाटी खिशात घालून फाटकाशी गेलो. पावले आली. वाटी इतकी तापली की खिशावर हात ठेवावा लागला. नेहमी आई बसते त्या बाकासमोर सोळा मात्रा गेल्या, सूर आले नाहीत. बत्तीस गेल्या. योसेफ यांची मात्रा चुकलेली मी जन्मात ऐकली नव्हती. मग फाटकाशी टाचा जुळल्या. मी म्हणालो, “दादा, आई आजारी हाय. हुकूम मागनं आनतो, तू चल.” त्यावर फाटकाच्या ह्या बाजूस, बाहेरच्या फरशीवर, एका बुटाचा आवाज झाला. एकच. जयसिंग यांनी टोपी काढली. आणि मग तो बूट परत मागे गेला व टाचा पुन्हा जुळल्या. परिच्छेद १ मध्ये मी जे लिहिले ते ह्या एका पावलापुरते लिहिले होते. ते आपण वाचलेले नाहीच.

१४. “मयतास हुकूम देता येत नाही” अशी हरकत निघण्याचा संभव आहे. परंतु जाण्याच्या हुकुमात त्यांचे नाव अद्याप कायम आहे, ते कोणी खोडलेले नाही. म्हणजे कार्यालयाच्या लेखी ते गेलेले आहेत आणि आलेले नाहीत. तीन वर्षांच्या दौऱ्याचा भत्ता आम्ही मागत नाही. तरी कृपा करून,

(अ) नाईक योसेफ यांच्या नावे परतीचा हुकूम काढावा : मोंबासा ते मुंबई बोटीने, मुंबई ते दौंड तिसऱ्या वर्गाने, दौंड ते निमोणे एस.टी.ने, एस.टी. चुकल्यास पायी. सोबत युफोनियम एक.

(ब) सदर हुकूम गणवेशातील अधिकाऱ्याने शनिवारी फाटकाशी मोठ्याने वाचून दाखवावा व अखेरीस ‘विसर्जन’ म्हणावे. त्या वेळी आसपास पोलीस तुकडी नसल्याची खात्री मी करीन.

(क) अधिकारी मोकळे नसल्यास, परिच्छेद ४ मधील कवायतीच्या मास्तरांना पाठवावे. ते १९४९ साली वारले. त्यांच्या प्रवासाचा हुकूम वेगळा काढावा लागेल, याची मला जाणीव आहे.

शनिवारी फाटकाशी हजर राहणारा,

(सही)
इसहाक शमुवेल पाटोळे
पार्सल कचेरी, दौंड स्टेशन, जि. पुणे.
दि. ६ मार्च १९६१.

सोबत : (१) संदर्भीय पत्रांच्या नकला. (२) पंच केलेले तिकीट एक. (३) हवालदारसाहेबांस दिलेल्या माफीची नक्कल. (४) तोंडाची वाटी जोडलेली नाही. ती आईच्या उशाशी आहे. शनिवार आला का, म्हणून ती हात लावून बघते.

ता. क. : कार्यालयीन कामास वेळ लागतो हे मी जाणतो. सबब हुकूम निघेपर्यंत आई राहिली नाही, तर तो हुकूम शनिवार दि. ४ मार्च १९६१ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू करावा, जेणेकरून नाईक योसेफ घरी पोहोचले तेव्हा राहेलबाई शमुवेल पाटोळे दारात उभ्या होत्या आणि त्यांनी त्यांस ‘बस’ म्हटले, अशी नोंद फाईल नष्ट होण्यापूर्वी तीत घेता येईल.