फोटो झाल्यानंतर

निफाड
२७ मार्च

प्रिय योगिनी,

पाकीट बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे. फोनवर सांगायला गेले तर तू दुसऱ्या मिनिटाला 'मुद्द्यावर ये' म्हणशील, म्हणून कागद घेतला. डी.एड.च्या सुट्टीत तू नांदगावहून आणि मी देवळालीहून आठ-आठ पानं लिहायचो, तेव्हा कुठे आपल्याला मुद्दा लागायचा? आज आहे. मुद्दा म्हणजे आपल्या दोघींचे स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज आणि कॉलेज रोडवरचं आपलं ठरलेलं फराळाचं दुकान. त्यावर येतेच, पण माझ्या वाटेने येऊ दे.

दिवाळीत तुझ्या ओट्याशी चकल्या पाडता पाडता आपण ठरवलं, तेव्हा मी अगदी मनापासून हो म्हणाले होते. एकवीस वर्षांत मी इतकी कधीच विटले नव्हते. रविवारी दुपारपासूनच सोमवार नको व्हायचा. सोमवारी शाळेच्या फाटकाशी स्कूटी लावून मी दहा-दहा मिनिटं तशीच बसून राहायचे. ही लिंक भरा, ती माहिती द्या, उपक्रमाचे फोटो टाका, आणि सगळं आजच्या आज. तुला न सांगितलेली एक गोष्ट सांगते. मागच्या वर्षी एका मुलाने पहिल्यांदाच अख्खं वाक्य न अडखळता वाचलं आणि मी मान वर न करता 'पुढचा' म्हणाले. त्या रात्री मला त्याचं नावसुद्धा आठवेना. आपण दमलोय म्हणायचो ना, ते दमणं नव्हतं गं. माझ्यातलं काहीतरी विझून गेलं होतं.

आता फेब्रुवारीतली गंमत ऐक. गणिताच्या पेटीचा वापर केल्याचे फोटो हवेत, असा निरोप आला. ती पेटी दोन वर्षं कपाटात प्लॅस्टिकसकट पडून होती. मी ती पाचवीच्या वर्गात नेली, झाकण उघडलं, आणि माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत पोरं उठून रांगेत उभी राहिली. उंच मागे, बुटकी पुढे. एकाने तराजू धरला, एकीने मोजपट्टी, बाकीच्यांनी त्यांच्याकडे फार कुतूहलाने बघितल्यासारखं केलं. मी फोटो काढला. मग चांगुणा नावाची मुलगी पुढे आली. तिचे आईबाप सुरगाण्याकडून द्राक्षांच्या कामाला येतात, सीझनभर ती आमच्या शाळेत असते. ती अगदी शहाण्यासारखं म्हणाली, "बाई, फोटू झाला. आता ठिवून देऊ का?" तिने टोमणा मारला असता तर मी रागावून मोकळी झाले असते. पण तिला खरंच वाटत होतं की वस्तू काढायची, फोटोला उभं राहायचं आणि वस्तू ठेवून द्यायची, यालाच उपक्रम म्हणतात. आणि हे तिला मीच शिकवलं होतं.

मी म्हणाले, राहू दे बाहेर. फोन कपाटात टाकला आणि कुलूप लावलं. पुढे काय करायचं याचा काही पत्ता नव्हता, म्हणून फळ्यावर लिहिलं, 'द्राक्षाचा मणी – १ सेंटिमीटर.' वर्ग खो खो हसला. निफाडात राहून बाईंनी द्राक्षाचं हे माप सांगावं. चांगुणा म्हणाली, "येवढ्याशा मण्याला व्यापारी हात बी लावत नाय, बाई. अठरा लागतो, अठरा." दुसऱ्या दिवशी तिने बागेतली प्लॅस्टिकची पट्टी आणली. तिला मिलिमीटरच्या वेगवेगळ्या मापांची भोकं असतात, मणी कुठल्या भोकातून जातो ते बघायचं. शेजारच्या मोतीराम काकांनी दोन घड दिले. एक मणी अठराच्या भोकात अडकला आणि एकोणीसच्या भोकातून टपकन खाली पडला. मग हा मणी किती मिलिमीटरचा? अठराही नाही, एकोणीसही नाही. कुणीतरी साडेअठरा म्हणालं. लगेच चांगुणाने विचारलं, साडेअठरापेक्षा बारका असला तर त्याला काय म्हणायचं? योगिनी, एकवीस वर्षं मी दशांश अपूर्णांक पोरांच्या गळी उतरवतेय. त्या दिवशी पोरंच ते मागत होती. लिहिता लिहिता खडू मोडला, आणि घंटा झाली तरी कुणी उठेना. आम्ही उरलेले सगळे मणी खाऊन टाकले.

तेव्हापासून मी सुटलेच आहे. हौद मोजला, लिंबाची सावली तासातासाला मोजली, यादव सरांची खुर्ची मोजली. सर हेडमास्तर असल्यामुळे थोडे कुरकुरले, मग स्वतःच टेप धरून उभे राहिले. लिंका काही थांबलेल्या नाहीत. त्या मी साडेचारनंतर एकदम भरते आणि उशीर झाला तर बोलणी खाते. पण रविवारी आता मी उद्या काय न्यायचं याची यादी करते. घरात सगळे म्हणतात, हिला झालंय तरी काय.

गेल्या आठवड्यात बागा उरकल्या आणि चांगुणाचं घर गावी निघालं. टेम्पो फाटकाशी थांबला, ती पळत वर्गात आली आणि म्हणाली, "दिवाळीच्या मागं आमी परत येऊ. तवा तुमीच राहाल ना, बाई?" मी म्हणाले, राहीन. विचार न करता म्हणाले. टेम्पो गेला आणि माझ्या लक्षात आलं, की त्याच आठवड्यात मी तुलाही एक उत्तर दिलं होतं.

तू त्या सोमवारी फोनवर सांगितलंस, "दिला बाई मी अर्ज, तू?" आणि मी म्हणाले, "दिला." खोटं होतं ते, योगिनी. मी अर्ज दिलेला नाही आणि देणारही नाही. तू माझ्या भरवशावर उडी मारलीस आणि मी काठावरच उभी राहिले, हे सांगायला हे पत्र. तूही अर्ज मागे घे, असं म्हणायचा मला हक्क नाही. तुझा थकवा तुझा आहे, आणि दुकान तू माझ्यापेक्षा झकास चालवशील. दर रविवारी आणि अख्ख्या मे महिन्यात मी तुझ्या हाताखाली राबेन. परवानगी मागत नाहीये, माफी मागतेय. एकवीस वर्षांनी मला नोकरी पुन्हा आवडायला लागली आणि ते सर्वांत आधी जिला सांगायचं, तिच्याशीच खोटं बोलले, हे मला सहन होत नाही. शनिवारी सकाळच्या एसटीने नांदगावला येते. दार उघडशील ना?

तुझीच, काय बोलशील ते ऐकून घेणारी,
स्नेहा