विहिरीकडची उसाची ओळ

सांगली, ३ ऑगस्ट २०२५

ती. आक्काताईस धरणेंद्रचा शि. सा. न. व जय जिनेंद्र.

चातुर्मासात तू मोबाईल सोडलास. नेम तुझा आणि पेन झिजवतोय मी!

काळजीचंच लिहितो. आपल्या घराची जागा आजोबांनी कडेगावच्या बनुबाईंच्या सासऱ्यांकडून नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेतलेली. येत्या गुढीपाडव्याला पट्टा संपतो. मग घरासकट जागा त्यांची. बनुबाई जागा विकायला तयार होत्या, मसुदाही झाला होता. परवा सहीसाठी मळ्यात गेलो, तर साफ नकार. मी भाव वाढवून विचारला, तर, पैशाचं काय न्हाई, म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. त्यांचा मुलगा जोतीराम फौजेत. तो म्हणतो, आई म्हणेल तसं. तुझी भावजय दीपाली तर भाड्याची घरं बघायला लागली आहे. मला मात्र हे घर सोडून कुठं जीव लागेल असं वाटत नाही.

तुझा धाकटा,
धरणेंद्र

सातारा, ९ ऑगस्ट २०२५

चि. धरणेंद्रास अ. उ. आ.

पत्र मिळालं, वाचलं. पण एक खरं सांग. यंदा अक्षय्यतृतीयेला भुईभाडं द्यायला गेला होतास का? दीपाली मागं म्हणाली होती, तू ते फोनवरूनच जोतीरामला पाठवलंस.

अरे शहाण्या, आपले अप्पा होते तोवर दरवर्षी नारळ घेऊन स्वतः का जायचे? आदिनाथांचं पारणं उसाच्या रसानं झालं तो हा दिवस, आपल्यालाही रस लागतो. म्हणून कारखान्याची तोड झाली तरी बनुबाई विहिरीकडची एक ओळ आपल्यासाठी राखतात. लहानपणी मी तिथं पोट फुटेस्तोवर रस प्यायले आहे. यंदा ती ओळ तशीच राहिली असणार. आणि तू जाऊन भाव वाढवलास!

आता कागद घरी ठेव आणि नारळ घेऊन जा. वकिलासारखं बोलू नकोस.

दीपालीस आशीर्वाद. रागावले तरी माया पातळ झालेली नाही.
आक्काताई

सांगली, १७ ऑगस्ट २०२५

ती. आक्काताईस शि. सा. न.

तुझंच खरं. ओळ अजून उभी होती, वाळत चाललेली. बनुबाईंनी कुणाला तोडू दिली नव्हती. मी नारळ ठेवून, आवं चुकलं माझं, एवढंच म्हणालो.

त्यांनी पाणी दिलं. म्हणाल्या, भाडं हाय तवर तुमी येता. यंदा भाडं असून आला न्हाईस, मग जागा इकल्यावर कशाला येशील? आक्का, त्या एवढ्यासाठीच अडल्या होत्या. निघताना त्यांनीच विचारलं, सहीला कवा येऊ?

क्षमा असावी, तुझी आणि त्यांचीही.
धरणेंद्र

सांगली, २० एप्रिल २०२६

ती. आक्काताईस शि. सा. न.

तुझा फोन सुरू झाला, तरी हे पत्रानंच सांगायचं होतं. जानेवारीत खरेदीखत झालं, उताऱ्यावर आपलं नाव लागलं. काल अक्षय्यतृतीया. आता भाडं नाही. न कळवताच दीपालीला घेऊन कडेगावला गेलो. वाटभर धाकधूक होती.

मळ्यातला सगळा ऊस गेला होता. विहिरीकडची ओळ तेवढी उभी होती.

बनुबाईंनी नारळ हातात घेतला आणि आता ह्यो कशापायी रं, म्हणून विचारलं. मी म्हटलं, रसाचं भाडं. लय हसल्या, मग पदरानं डोळे पुसले. चार पेले भरले. चौथा तुझ्या नावचा, तो मलाच प्यावा लागला. पुढच्या वर्षी तुला घेऊन यायचं, असं त्यांनी बजावलं आहे.

वाट बघतोय, आता आपल्या जागेवरून.
धरणेंद्र